हशा बंद करण्याची सोय : ‘मॅश’चे अखेरचे पर्व

‘मॅश’ या अमेरिकन मालिकेच्या डीव्हीडी संचात ध्वनीच्या पर्यायांमध्ये एक चमत्कारिक नोंद आहे. इंग्रजी आणि इतर भाषा जिथे निवडायच्या, त्याच रांगेत ‘हशाविना इंग्रजी’ हाही एक पर्याय दिलेला आहे. हसणे ही जणू वेगळी भाषाच आहे, आणि ती न येणाऱ्यांसाठी ही सोय केली असावी, असे पहिल्यांदा पाहताना मला वाटले होते.

अकरा पर्वांचे हे संच माझ्या भाच्याने अमेरिकेतून दोन-तीन खेपांत आणून दिले. मी ती मालिका आधी हशासकट पाहिली, मग हशाविना पाहिली. पाहताना वहीत दोन रकाने आखले होते. डाव्या रकान्यात हशा कुठे येतो ते लिहायचे आणि उजव्या रकान्यात तो काढल्यावर त्याच जागी काय उरते ते. पहिल्या तीन-चार पर्वांचे दोन्ही रकाने गच्च भरले. पुढे पुढे डावा रकाना विरळ होत गेला आणि अकराव्या पर्वाशी येईपर्यंत त्या बटणाला करायला जवळजवळ काम उरले नाही. हा लेख त्या रिकाम्या होत गेलेल्या रकान्यातून निघाला आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. रिचर्ड हूकर या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका लष्करी शल्यविशारदाची कादंबरी 1968 साली आली. रॉबर्ट ऑल्टमनने तिच्यावर 1970 मध्ये चित्रपट केला. 17 सप्टेंबर 1972 रोजी सीबीएस वाहिनीवर मालिका सुरू झाली. कोरियातले युद्ध, आघाडीपासून थोड्या अंतरावरचे 4077 क्रमांकाचे फिरते लष्करी रुग्णालय, आणि रक्ताने माखलेले हात धुऊन पुन्हा थट्टेला लागणारे डॉक्टर, असा तिचा ऐवज होता. प्रत्यक्ष कोरियन युद्ध जून 1950 ते जुलै 1953 असे तीन वर्षे चालले. मालिका अकरा वर्षे चालली. सुरू झाली तेव्हा व्हिएतनाम पेटलेले होते आणि कोरिया म्हणून दाखवलेल्या त्या टेकड्यांआडून प्रेक्षक व्हिएतनामच पाहत होते, हे आता सर्वांनाच ठाऊक आहे.

मालिका घडवणाऱ्या लॅरी गेलबार्टला हशा नको होता, वाहिनीला हवा होता. त्या काळी अमेरिकन विनोदी मालिकेला हशा लागतच असे. चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने त्यासाठी एक पेटीच बनवली होती. तिच्या कळा दाबल्या की खुदखुद, खसखस, गडगडाट असे पाहिजे ते बाहेर पडे. ‘मॅश’चे चित्रीकरण प्रेक्षकांसमोर होत नसे. स्टुडिओत आणि कॅलिफोर्नियातल्या मालिबूच्या डोंगरांत ते चित्रपटासारखे तुकड्यातुकड्यांनी होई. आपल्या रंगभूमीवर नट ‘लाफ्टर घेतो’ असे म्हणतात. तो वाक्य टाकतो, थांबतो, समोरच्या अंधारातून हशा येऊ देतो आणि तो ओसरायच्या बेताला पुढचे वाक्य उचलतो. ती देवाणघेवाण असते. इथे मात्र डोंगरात उभ्या असलेल्या नटाचे वाक्य पुरे झाल्यावर, काही आठवड्यांनी, कोणीतरी कळ दाबून हशा भरत असे.

शेवटी तडजोड झाली. हशा राहील, पण ऑपरेशन थिएटरमध्ये येणार नाही. डॉक्टर पोटे शिवत असताना कितीही विनोद करोत, तिथे कोणी हसणार नाही. हा नियम मला त्या मालिकेतला सर्वांत महत्त्वाचा सर्जनशील निर्णय वाटतो, आणि तो कुठल्याही संहितेत लिहिलेला नाही. त्यामुळे छावणीचे दोन भाग पडले. तंबूत, भोजनगृहात, कर्नलच्या कचेरीत अदृश्य लोक हसत. ऑपरेशन थिएटरचे दार ढकलून आत गेले की ते लोक बाहेर थांबत. तेच वाक्य बाहेर विनोद ठरे आणि आत स्वतःला शुद्धीवर ठेवण्याचा उपाय. ब्रिटनमध्ये बीबीसीने मालिका हशा काढूनच दाखवली. तिथल्या प्रेक्षकांना ती पहिल्यापासून अधिक काळवंडलेली वाटली, यात नवल नाही. हशा काढलेला विनोद कमी होतो असे नाही, त्याला कडवटपणा येतो. बोलणारा माणूस वाक्य टाकून थांबतो आणि उत्तराला काहीच येत नाही. सुरुवातीच्या पर्वांत हॉकआय पिअर्स एवढा का बोलतो, याचा उलगडा मला हशा बंद केल्यावर झाला.

पुढच्या वर्षांत हशा दबका होत गेला, काही भागांतून पूर्ण गेला. म्हणजे डीव्हीडीवर आपण बटण दाबून जे करतो, ते कर्त्यांनी हळूहळू आपल्या हातानेच केले होते. माझे म्हणणे असे आहे की ऑपरेशन थिएटरचा नियम अकरा वर्षांत दाराबाहेर पसरत गेला आणि अखेरच्या पर्वात त्याने सगळी छावणी व्यापली.

हे पर्व ऑक्टोबर 1982 ते फेब्रुवारी 1983 या काळात आले. त्याचे भाग सोळा. त्यातले निम्मे तरी थकलेले आहेत, हे आधीच सांगून टाकते. डॉक्टर बोलता बोलता उपदेश करू लागतात. कोणाचा पूर्वग्रह, कोणाचा अहंकार बाविसाव्या मिनिटाला दुरुस्त होतो. पात्रे एकमेकांशी फार समजूतदारपणे वागतात. पहिल्या पर्वातली उद्धट, काहीशी निर्दय टवाळी ज्यांना आवडली, त्यांना हे पर्व गोड वाटते, आणि त्यांची तक्रार खोटी नाही. चांगले भागही आहेत. ‘हे, लुक मी ओव्हर’ या सलामीच्या भागात वर्षानुवर्षे मागे उभी असलेली नर्स केली पुढे येऊन हॉकआयला चार शब्द सुनावते. ‘बॉम्बशेल्स’मध्ये हेलिकॉप्टर वाचवण्यासाठी बी. जे. हनिकटला खाली लोंबकळणाऱ्या सैनिकाचा दोर कापावा लागतो आणि त्यासाठी त्याला पदक मिळते. पण अशी निवड सांगत बसले तर ती माझी आवडनिवड होईल. मला वहीत जे दिसले ते वेगळे आहे.

हशा ओसरला तसे या पर्वाचे कान उघडले. एकामागून एक भाग आवाजाविषयी बोलू लागतात. ‘रन फॉर द मनी’मध्ये बोलताना अडखळणारा एक सैनिक येतो. त्याचेच सोबती आणि अधिकारी त्याची टर उडवतात. कोणाशीही नीट न वागणारा, बोस्टनच्या श्रीमंत घराण्यातला विंचेस्टर त्याच्या पाठीशी उभा राहतो, त्याला ‘मोबी डिक’ भेट देतो. का, ते शेवटी कळते. तंबूत एकटा बसून तो बहिणीने पाठवलेली ध्वनिफीत ऐकतो आणि ती बहीणही तशीच अडखळत बोलते. त्या प्रसंगी पेटीतला हशा कुठे बसवला असता? ‘से नो मोअर’मध्ये मार्गारेटचा घसा बसतो, ज्यांना भेटायला ती आतुर असते त्या डॉक्टरांसमोर जायच्या वेळीच तिचा आवाज जातो. त्याच भागात एका जनरलचा मुलगा दगावतो. कोणी बोलू शकत नाही, कोणाला बोलायचे नाही, कोणाचे ऐकले जात नाही, असे प्रसंग या पर्वात इतके आहेत की मी तिसरा रकाना आखला.

या छावणीत एके काळी सर्वांचा कान असलेला एक पोऱ्या होता. रडार. इतरांना ऐकू येण्याआधी त्याला हेलिकॉप्टर ऐकू येई, म्हणून त्याचे ते नाव. तो 1979 मध्ये मालिकेतून गेला. अखेरच्या पर्वात ‘अ‍ॅज टाइम गोज बाय’ या भागात छावणीतले लोक पुढच्यांसाठी वस्तू पुरतात. त्यात रडारचे टेडी अस्वल आहे, मेलेल्या हेन्री ब्लेकचा मासे पकडण्याचा गळ आहे. डीव्हीडीवर हा भाग निरोपाच्या अगोदर येतो. प्रत्यक्षात तो चित्रित झाला सर्वांत शेवटी; निरोपाच्या भागाचे काम आधीच उरकले होते. म्हणजे वस्तू पुरताना नटांच्या डोळ्यांत जे पाणी दिसते, ते निरोप घेऊन झालेल्या माणसांचे आहे. तबकडीवर क्रम प्रसारणाचा आहे, त्यामुळे ही गंमत माहीत असल्याशिवाय कळत नाही.

आता तो शेवटचा भाग. ‘गुडबाय, फेअरवेल अँड आमेन’. 28 फेब्रुवारी 1983. जाहिराती धरून अडीच तास. दिग्दर्शक अ‍ॅलन आल्डा, म्हणजे हॉकआय स्वतःच. अमेरिकेत 10 कोटी 59 लाख लोकांनी तो पाहिला आणि पुढे सत्तावीस वर्षे हा आकडा कोणी ओलांडला नाही. 2010 मध्ये फुटबॉलच्या एका सामन्याने ओलांडला. चित्रीकरणाच्या काळात मालिबूच्या डोंगरात खराच वणवा लागून छावणीचा देखावा जळाला, तोही त्यांनी कथेत घेतला. हे सगळे अनेकांनी लिहिले आहे. ज्याच्याविषयी फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही, ते म्हणजे या भागाची मोठी कथासूत्रे कानाशी बांधलेली आहेत.

भाग सुरू होतो तेव्हा हॉकआय मनोरुग्णालयात आहे. मानसोपचारतज्ज्ञ सिडनी फ्रीडमन त्याच्याकडून एका बसप्रवासाची आठवण पुन्हा पुन्हा सांगून घेतो. समुद्रावरून परतणारी मंडळी, गाणी, हातोहात फिरणारी दारूची बाटली. पुढच्या खेपेला ती बाटली दारूची राहत नाही, जखमी सैनिकासाठी पुढे सरकवलेली औषधाची बाटली होते. मग कळते की वाटेत निर्वासित आणि जखमी बसमध्ये घेतले होते, शत्रूची गस्त जवळ होती, दिवे मालवून सगळे श्वास रोखून बसले होते, आणि मागे एका बाईच्या हातातली कोंबडी ओरडत होती. हॉकआय तिच्यावर खेकसला, गप्प कर तिला. कोंबडी गप्प झाली. आणखी एक खेप, आणि कोंबडी कोंबडी राहत नाही. ते तिचे मूल होते. तिने ते स्वतःच्या हाताने गुदमरवले.

1983 साली हे एकदा दिसले आणि गेले. फार थोड्या घरांत तेव्हा व्हिडिओ रेकॉर्डर होता. तबकडीवर मागे जाता येते. मागे गेल्यावर कळते की पहिल्या कथनातली बस किती गोंगाटाची आहे. हसणे आहे, ओरडणे आहे, गाणे आहे. जुन्या पर्वांतला एखादा भागच जणू हॉकआय सांगतो आहे, फक्त हशा त्याच्या तोंडून येतो आहे. त्याचे मन आठवणीवर जे चढवते ते नेमके हेच, विनोदी मालिका. आणि उपचार म्हणजे एकेक थर काढत त्या गोंगाटाखालच्या शांततेपर्यंत जाणे. ‘हशाविना’ हे बटण इथे निरुपयोगी आहे, कारण या भागात ध्वनिमुद्रित हशा नाहीच. ते बटण आता कथेतच शिरले आहे आणि फ्रीडमन ते दाबतो आहे.

दुसरे सूत्र विंचेस्टरचे. पाच चिनी वादक त्याला शरण येतात. त्यांना तो मोझार्टची क्लॅरिनेट पंचवाद्यरचना शिकवतो, चिडतो, कान टवकारतो, हळूहळू खूश होतो. कैद्यांच्या अदलाबदलीसाठी त्यांना पाठवले जाते. वाटेत हल्ला होतो. एक जण छावणीत मरायला परत येतो. विंचेस्टर तंबूत जाऊन तीच रेकॉर्ड लावतो आणि मग उचलून फोडतो. ज्या माणसाला युद्धात संगीत हा एकच आडोसा होता, त्याचा आडोसा गेला. डेव्हिड ऑग्डेन स्टायर्सने हे जवळजवळ न बोलता केले आहे.

तिसरे सूत्र फादर मुलकाही. तोफगोळे पडत असताना तो कोंडलेल्या युद्धकैद्यांना सोडवायला धावतो आणि स्फोटाने बहिरा होतो. घरी पाठवतील या भीतीने तो ते लपवतो; फक्त बी. जे.ला माहीत असते.

इथे एक घरगुती गोष्ट सांगते. माझ्या वडिलांना, अण्णांना, शेवटच्या दहा वर्षांत जवळजवळ ऐकू येत नसे. ते माझ्याशेजारी बसून ही मालिका इंग्रजी अक्षरे वाचत पाहत. हशा ठेवला काय, काढला काय, त्यांना फरक नव्हता. ते आपल्या वेळेला हसत, बऱ्याचदा ऑपरेशन थिएटरमध्येही. मी त्यांना तो नियम कधी सांगितला नाही. मुलकाही बहिरा झाल्यानंतरच्या एका प्रसंगात त्यांनी माझा हात दाबून म्हटले, “हा पाद्री ऐकत नाहीये गं, बघतोय.” मी तोवर ते टिपले नव्हते. विल्यम ख्रिस्तोफर समोरच्याच्या डोळ्यांकडे न पाहता ओठांकडे पाहतो, आणि हसून मान डोलावतो ती किंचित उशिरा. अकरा वर्षे पार्श्वभूमीला राहिलेल्या नटाचे हे काम, आणि ते ओळखायला माझ्या घरात एकच माणूस लायक होता.

शेवटी युद्धविरामाची घटका येते. 27 जुलै 1953, रात्री दहा. ती घटका मालिकेने कुठे गाठावी? ऑपरेशन थिएटरमध्ये. डॉक्टर शिवत आहेत, रेडिओवरचा आवाज युद्धात किती मेले, किती जखमी झाले, किती बेघर झाले याचे आकडे वाचतो आहे, लांबून तोफा ऐकू येत आहेत. मग तोफा थांबतात. पहिल्या पर्वात ज्या खोलीत फक्त हशाला बंदी होती, तिथे आता कशाचाच आवाज नाही. मला ही रचना थोर वाटते. ती अकरा वर्षांच्या नियमावर उभी आहे. एकटा भाग पाहणाऱ्याला ती अर्धीच दिसेल, म्हणून आख्खा संच हाताशी असण्याला अर्थ आहे.

पण एक गोष्ट मला डाचत राहते. बसमधल्या त्या बाईला नाव नाही, तिच्या तोंडी वाक्य नाही. मूल तिचे गेले, वेड हॉकआयला लागले, आणि अडीच तास आपण त्याच्या बरे होण्याची वाट पाहतो. गप्प राहायला त्याने तिला सांगितले आणि मालिकेनेही तिला गप्पच ठेवले. कोणी म्हणेल, कथा हॉकआयची आहे. मान्य. पण ज्या पर्वाने अडखळणाऱ्या सैनिकापासून बहिऱ्या पाद्र्यापर्यंत इतक्यांचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला, त्याला हिचा आवाज ऐकू येऊ नये, हे अपघाताने झाले असे मला वाटत नाही. अकरा वर्षे कोरियात घडलेल्या या मालिकेत कोरियन माणसे बहुतेक रुग्ण, मोलकरणी, अनाथ मुले आणि वाट चुकलेले शेतकरी आहेत. अखेरच्या भागातली सून-ली हा अपवाद. ती आईवडील सापडल्याशिवाय हलणार नाही म्हणते, म्हणून तिच्याशी लग्न करून क्लिंगर कोरियातच राहतो, जो वर्षानुवर्षे बायकी कपडे घालून लष्करातून सुटका मागत होता. रोझलिंड चाओने तिला ठणठणीत आवाज दिला आहे. त्या एका पात्रामुळे तक्रार हलकी होते, मिटत नाही.

याच पर्वातल्या ‘यू. एन., द नाइट अँड द म्युझिक’ या भागात संयुक्त राष्ट्रांचे पाहुणे येतात, त्यात एक भारतीय आहे, रामूर्ती लाल. कवी राझ या नटाने तो केला आहे. पाहुणा म्हणूनच. प्रत्यक्षात त्या युद्धात आपली एक वैद्यकीय तुकडी होती, 60 पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांना महावीर चक्र मिळाले, आणि मार्च 1951 मध्ये मुनसानजवळ अमेरिकन सैन्याबरोबर तिचे डॉक्टर हवाई छत्र्यांनी उतरले होते. युद्धविरामानंतर घरी परतायला नकार देणाऱ्या कैद्यांवर देखरेख ठेवायला जनरल थिमय्या आणि भारतीय सैनिक गेले. कैद्यांना परत पाठवण्याच्या प्रश्नावरच वाटाघाटी वर्षाहून अधिक अडून होत्या. विंचेस्टरचे पाच वादक ट्रकमध्ये चढतात तेव्हा त्यांना परत जायचे आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. मी तो प्रसंग आता त्या प्रश्नाशिवाय पाहू शकत नाही.

अखेरचे दृश्य बहुतेकांना माहीत आहे. हॉकआयचा पहिला सोबती ट्रॅपर चौथ्या पर्वाच्या आरंभी निरोप न घेता गेला होता. त्याच्या जागी आलेल्या बी. जे.च्या तोंडून ‘निरोप’ हा शब्द या भागात निघतच नाही, हॉकआय मागतो तरी. हेलिकॉप्टर उठते, पंख्याच्या आवाजात कोणी काही बोलले तरी पोहोचणार नाही. वरून हॉकआयला खाली पांढऱ्या दगडांनी लिहिलेली अक्षरे दिसतात. अण्णांना हे दृश्य फार आवडायचे. ते मला मागे घ्यायला लावत, आणि दगड दिसले की खालची इंग्रजी अक्षरे वाचायची गरज नाही म्हणून चष्मा काढून ठेवत.